सासऱ्यांचं लॉर्ड्‌स

ताई,
येत्या मे महिन्यात मी, माझे मिस्टर, तेरा वर्षांची लेक आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे असे चौघं दिराकडे इंग्लंडला निघालो आहोत. दीर लंडनपासून तासाभरावर राहतात. खुद्द लंडनसाठी तीनच दिवस हाताशी आहेत. सासरे मूळचे दादरचे. बँकेत नोकरी, आणि पावसाळ्यात कांगा लीगमध्ये बॉलिंग, तीही वीसेक वर्षं. आता आमच्याकडे कोथरूडला असतात. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि त्यांचं बोलणंच आटलं. या ट्रिपमध्ये त्यांनी एकच गोष्ट मागितली: लॉर्ड्‌स या क्रिकेटच्या मैदानावरचं म्युझियम. मिस्टरांनी त्याच दिवशी सकाळी टॉवर ऑफ लंडन आणि संध्याकाळी मादाम तुसाँ बसवलंय. लेक म्हणते, "काचेतल्या जुन्या बॅटी बघायला मी येणार नाही." मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. त्यात सासऱ्यांचा गुडघा. बापलेकांना तिकडे पाठवून आम्ही मायलेकी दुकानं फिरलो तर वाईट दिसेल का? आणि सगळेच गेलो, तर तिथे बघायचं काय?
– क्रिकेट न कळणारी सून, पुणे

प्रिय सूनबाई,

वाईट दिसणार नाही. पण दुकानांकडे जाऊ नका. दुकानं दुसऱ्या दिवशीही तिथेच असतील.

आधी मिस्टरांचं वेळापत्रक फाडा. टॉवर ऑफ लंडन हेच एक अर्ध्या दिवसाचं काम आहे, तेही दगडी पायऱ्यांचं. तो गुडघा घेऊन तिथून लॉर्ड्‌सला आलात, तर सासरे म्युझियममध्ये बाक शोधतील, बॅटी नाही. लॉर्ड्‌सला सकाळ द्या, दुपारचं जेवण द्या आणि उरलेला दिवस मोकळा सोडा. मादाम तुसाँ तिथून फार लांब नाही, त्यामुळे ते त्याच दिवशी "उरकून टाकू" असा मोह मिस्टरांना पुन्हा होईल. तो होऊ देऊ नका. ज्या माणसाने अख्ख्या परदेशवारीत एकच गोष्ट मागितली, त्याच्या गोष्टीला मेणाच्या पुतळ्यांची शेपूट कशाला?

आता तारखेचं बघा, कारण इथे मी स्वतः तोंडावर पडले आहे. काही वर्षांपूर्वी भावाबरोबर गेले होते, काही न बघता, "म्युझियम आहे, उघडंच असणार" या भरवशावर. त्या दिवशी मॅच होती. मॅचच्या दिवशी आत फक्त मॅचचं तिकीट असलेल्यांना जाता येतं, टूर होत नाहीत. आम्ही दोघं भिंतीबाहेर उभे राहून आतल्या टाळ्या ऐकून परतलो. चूक सर्वस्वी माझी. म्हणून आधी लॉर्ड्‌सचं सामन्यांचं वेळापत्रक बघा, मग टूरची तारीख ठरवा, आणि मग बाकीचे दोन दिवस तिच्याभोवती रचा. मे महिना म्हणजे ऐन हंगाम, तेव्हा हे आजच करा. बुकिंग करताना गुडघ्याबद्दलही विचारून घ्या. टूरमध्ये पॅव्हिलियनच्या वरच्या मजल्यावरच्या ड्रेसिंग रूम येतात. जिना किती, लिफ्ट कुठे, वाटेत बसायला मिळेल का, हे घरून विचारलेलं बरं. तिथे पोचल्यावर सासरे "मला काही होत नाही" म्हणतील आणि जिना चढतील, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जवळचं ट्यूब स्टेशन सेंट जॉन्स वुड, ज्युबिली लाइनवर. तिथून पायी दहाएक मिनिटं, पण ती तुमच्या-माझ्या चालीने. स्टेशनात लांबलचक सरकते जिने आहेत. जाताना बस किंवा सरळ टॅक्सी करा, येताना त्यांच्या पायांना विचारा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते: बघायचं काय?

पहिली गोष्ट अशी की हे म्युझियम लहान आहे. लंडनची मोठी संग्रहालयं डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर "एवढंच?" असं वाटेल. पॅव्हिलियनच्या मागे पूर्वी रॅकेट्‌स नावाच्या खेळाचं कोर्ट होतं, त्याच इमारतीत ते बसवलंय. १९५३ मध्ये उघडलं, दोन महायुद्धांत मारल्या गेलेल्या क्रिकेटपटूंचं स्मारक म्हणून. जगातल्या सगळ्यात जुन्या क्रीडा संग्रहालयांपैकी ते एक आहे. लहान असणं हा मला त्याचा गुणच वाटतो. गुडघ्याला परवडतं आणि तेरा वर्षांच्या मुलीचा जीवही फार वेळ टांगत नाही.

लेकीला बॅटी दाखवूच नका. तिला चिमणी दाखवा. ३ जुलै १९३६ रोजी याच मैदानावर केंब्रिज विद्यापीठाचा जहांगीर खान एमसीसीविरुद्ध (लॉर्ड्‌स ज्यांच्या मालकीचं, तो क्लब) बॉलिंग टाकत होता. त्याच्या चेंडूने उडती चिमणी मेली. ती चिमणी पेंढा भरून, त्या चेंडूवर बसवून ठेवली आहे. आता यातली खरी गंमत ऐका. हा जहांगीर खान जालंधरचा, आणि चारच वर्षांपूर्वी, जून १९३२ मध्ये, भारत आपली पहिली कसोटी खेळला तीही लॉर्ड्‌सवरच, त्या संघात तो होता. कर्णधार सी. के. नायडू. फाळणीनंतर जहांगीर पाकिस्तानचा झाला, त्याचा मुलगा माजिद पुढे पाकिस्तानचा कर्णधारही झाला. एका मेलेल्या चिमणीपाशी उभं राहून मुलीला एवढा इतिहास सांगता येतो. आणि तो सांगायला तुमच्या घरात माणूस आहे. तुम्ही सांगू नका. तुम्ही फक्त विचारा, "बाबा, हा जहांगीर खान कोण हो?"

ॲशेसचा तो प्रसिद्ध कुंभ दिसेल. मातीचा, उंची साधारण ११ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या देवघरातल्या गडूएवढाही नाही. १८८२ मध्ये इंग्लंड ओव्हलवर ऑस्ट्रेलियाकडून हरलं, तेव्हा एका वर्तमानपत्राने इंग्लिश क्रिकेटच्या निधनाची वार्ता छापली आणि रक्षा, म्हणजे ॲशेस, ऑस्ट्रेलियाला नेली जाईल असं लिहिलं. ती थट्टा अशी चिकटली की पुढच्याच दौऱ्यावर इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लाय याला ऑस्ट्रेलियात कुणी तरी हा इवला कुंभ भेट दिला. तो त्याच्या घरीच राहिला आणि १९२७ मध्ये तो वारल्यावर एमसीसीकडे आला. दोन देश दीडशे वर्षं ज्याच्यासाठी भांडतात ते मुळात चेष्टेत दिलेलं खासगी बक्षीस होतं. तुम्हाला क्रिकेट कळत नाही म्हणता ना, पण ही गोष्ट घरातल्या भांडणांसारखीच आहे, ती तुम्हाला बरोब्बर कळेल.

तुमच्या लेकीला आणखी एक सांगून ठेवा. एमसीसी हा क्लब १७८७ चा. स्त्रियांना सभासद करून घ्यायचं त्यांनी कधी ठरवलं माहीत आहे? १९९८ मध्ये. दोनशे अकरा वर्षांनी. बायकांना या मैदानावर पहिला एकदिवसीय सामना खेळायला मिळाला तोच १९७६ मध्ये. आणि २३ जुलै २०१७ ला इथेच विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आपल्या मुली २२९ चा पाठलाग करत होत्या, मुंबईच्या पूनम राऊतने ८६ काढल्या, आणि नऊ धावांनी हातातला घास गेला. सांगलीची स्मृती मानधना त्या दिवशी शून्यावर बाद झाली होती. मुलगी तेरा वर्षांची आहे, स्मृतीचं शून्य तिला कदाचित कुणाच्याही शतकापेक्षा जवळचं वाटेल. बाहेर पडल्यावर पुढेच ॲबी रोडचं झेब्रा क्रॉसिंग आहे, बीटल्सवाल्यांचं. तिथे तिचा फोटो काढा. इतका मोबदला तिला द्यायलाच हवा.

आता सासऱ्यांकडे वळू. इथे मला थोडा वेळ घेऊ द्या.

म्युझियमइतकीच, माझ्या मते जास्तच, महत्त्वाची जागा म्हणजे ड्रेसिंग रूममधल्या लाकडी पाट्या. लॉर्ड्‌सवर कसोटीत शतक केलं किंवा डावात पाच बळी घेतले, की नाव तिथे लागतं. पाहुण्या संघाच्या खोलीत आपल्या माणसांची नावं आहेत आणि त्यांतली निम्मीअधिक नावं सासऱ्यांच्या आयुष्यातून गेली आहेत. विनू मांकड, १९५२. दोन डावांत ७२ आणि १८४ धावा, शिवाय एका डावात ७३ षटकं टाकून पाच बळी. त्यामुळे फलंदाजांच्या पाटीवरही मांकड आणि गोलंदाजांच्याही. तेव्हा कर्णधार होते सांगलीचे विजय हजारे. मग १९५९, रमाकांत देसाई, पाच बळी. सासरे तेव्हा दहा-अकरा वर्षांचे असतील, दादरच्या कुठल्या तरी गल्लीत देसाईंसारखं धावत येऊन टेनिस बॉल टाकत असतील. दिलीप वेंगसरकरांचं नाव तर तीनदा आहे: १९७९, १९८२, १९८६. यांतलं पहिलं भारी. आपण पहिल्या डावात ९६ वर गुंडाळलो गेलो होतो, आणि दुसऱ्या डावात वेंगसरकर नि विश्वनाथ दोघांनी शतकं ठोकून मॅच वाचवली. रवी शास्त्री आहे, अजित आगरकर आहे (हो, आगरकर! आठव्या नंबरवर येऊन नाबाद १०९, २००२ मध्ये), अजिंक्य रहाणे आहे.

गावसकर नाहीत. सचिनही नाही. लॉर्ड्‌सवर सचिनची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या ३७. गावसकरांनी इथे १८८ काढल्या, पण त्या १९८७ मध्ये एमसीसीच्या द्विशताब्दीच्या सामन्यात, आणि ती कसोटी नव्हती. हा विषय सासऱ्यांसमोर काढा आणि बाजूला व्हा. मुंबईच्या क्रिकेटवाल्या माणसाला बोलतं करायचं यापेक्षा सोपं साधन मला माहीत नाही. सचिनचं एक चित्र मात्र २०२५ च्या जुलैत याच म्युझियममध्ये लागलं. ते पुढे पॅव्हिलियनमध्ये हलवायचं होतं, म्हणून कुठे आहे ते टूरवाल्याला विचारा.

पाटीवर न लागणाऱ्याही गोष्टी असतात. जून १९७४ मध्ये याच मैदानावर आपण ४२ धावांत संपलो, १७ षटकांत. त्यात एकट्या एकनाथ सोळकरने दोन आकडी धावा केल्या, नाबाद १८. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. सासरे तेव्हा पंचविशीत असतील. त्या दिवशी ते कुठे होते, रेडिओ कुणाकडे होता, बातमी कळल्यावर ऑफिसात काय झालं, हे विचारा. १९८३ सगळेच विचारतात. १९७४ कुणी विचारत नाही.

आणि आता कांगा लीग. तुम्ही पत्रात ती ओळ सहज लिहून गेलात, पण मला वाटतं तुमच्या सगळ्या ट्रिपची किल्ली तिथे आहे. ही लीग १९४८ ची, म्हणजे जवळजवळ सासऱ्यांच्याच वयाची. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने, भर पावसात, भिजलेल्या विकेटवर, कमरेला लागेल असं गवत वाढलेल्या मैदानांवर. इंग्लंडच्या ओल्या हवेत आपली पोरं चाचपडू नयेत, त्यांना घरीच सवय व्हावी हा त्यामागचा एक विचार. आता हे डॉ. कांगा कोण? १९११ मध्ये हिंदुस्थानचा जो पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला आला, महाराजा पतियाळांच्या नेतृत्वाखाली, त्या संघातले एक फलंदाज. त्या दौऱ्यात लॉर्ड्‌सवर एमसीसीशीही सामना झाला. म्हणजे ज्यांच्या नावाच्या लीगमध्ये तुमचे सासरे वीस वर्षं चिखल तुडवत होते, त्यांचा संघ या गवतावर उतरला होता. हे सासऱ्यांना बहुतेक ठाऊक असेल. नसेल, तर हे तुम्ही त्यांना सांगा. क्रिकेट न कळणाऱ्या सुनेकडून ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.

त्याच संघात पाळवणकर बाळू होते. डावखुरे फिरकी गोलंदाज, चर्मकार कुटुंबातले. उमेदवारी पुण्यातली. गोऱ्यांच्या क्लबात रोलर ओढणं, जाळी लावणं, पगार महिन्याला तीन-चार रुपये, आणि साहेबांना सरावासाठी बॉलिंग टाकता टाकता हात तयार झाला. तेव्हाच्या धर्मवार सामन्यांसाठी हिंदूंच्या संघात घेतलं, पण चहा पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. त्या माणसाने १९११ च्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते पुढे धाकटा भाऊ विठ्ठल याच्या वाट्याला आलं. लॉर्ड्‌सचं पॅव्हिलियन फार देखणं आहे, १८९० चं, आणि तिथल्या लाँग रूम नावाच्या दालनात उभं राहिलं की माणूस नकळत आवाज खाली आणतो. मीही आणला होता. पण तिथे उभी असताना मला राहून राहून तो मातीचा कप आठवत होता. लेकीला ही गोष्ट पुण्यातच सांगून न्या. बाळूंचं नाव तिथे कुठे दिसलं तर ती स्वतः शोधून काढेल, नाही दिसलं तर का नाही हे विचारेल. दोन्ही चालेल.

तयारी म्हणून एक करा. निघायच्या आधी एखाद्या रविवारी आजोबा-नातीला सहकारनगरच्या "ब्लेड्‌स ऑफ ग्लोरी"त पाठवा. २०१२ मध्ये सचिनच्या हस्ते उघडलेलं हे क्रिकेटचं संग्रहालय तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, जगभरच्या खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी तिथे आहेत. रंगीत तालीम समजा. मुलगी कंटाळली तर तिथेच कळेल, लंडनचं तिकीट वाया जाणार नाही. आणि आजोबा किती वेळ उभे राहू शकतात याचाही अंदाज येईल.

मैदानाजवळ गेल्यावर एक गोष्ट चुकवू नका. लॉर्ड्‌सचं मैदान सपाट नाही. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जवळजवळ अडीच मीटर उतार आहे, अख्ख्या एका माणसाहून जास्त. त्यामुळे पॅव्हिलियनकडून टाकलेला चेंडू उजव्या फलंदाजाला आपसूक आत येतो, समोरून टाकलेला बाहेर जातो. टीव्हीवर हा उतार नीट कळत नाही, तिथे उभं राहिलं की कळतो. सासरे बॉलर. ते काही न बोलता हाताने तो उतार मापतील, मनगट वळवून बघतील. तेव्हा घाई करू नका, फोटोसाठी "बाबा, इकडे बघा" म्हणू नका, आणि मिस्टरांना घड्याळ बघू देऊ नका. टूर पुढे सरकेल, गाइड बोलावेल, तेवढा एखादा मिनिट तुम्ही मागे राहिलात तर बिघडत नाही.

तुम्ही लिहिलंय की त्यांचं बोलणं आटलं. त्यावर एक आवर्जून सांगते. लॉर्ड्‌सला जाऊन ते एकदम खुलतील आणि घरी परतल्यावर पूर्वीसारखे गप्पा मारतील, अशी आशा बांधून जाऊ नका. कदाचित ते तिथेही गप्पच राहतील. कदाचित सासूबाईंची आठवण तिथे जास्त येईल. कांगा लीगचे ते चिखलाचे कपडे धुतले कुणी असतील, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि "बाबा, कसं वाटलं?" असं बाहेर पडल्या पडल्या विचारू नका. दोन दिवसांनी, दिराच्या घरी चहा घेताना, ते आपणहून काही तरी सांगतील. तेव्हा पटकन विषय बदलला नाही म्हणजे झालं.

बापलेकांना एकटं पाठवायचं की नाही, हे विचारलं होतंत. टूर सगळ्यांनी एकत्र करा. टूर संपली की तुम्ही दोघी ॲबी रोडला जा आणि त्या दोघांना अर्धा तास म्युझियममध्ये राहू द्या. मिस्टरांनाही त्यांच्या वडिलांसोबत तेवढा वेळ हवा असेल, त्यांनी टॉवर आणि तुसाँच्या मध्ये तो बसवला नाही इतकंच.

स्वेटर घ्या, मे महिन्यातही. आणि सासऱ्यांकडे एखादं जुनं कात्रण, लीगमधल्या एखाद्या मॅचचा स्कोअर असलेलं, असेल तर पाकिटात घालून न्या. दाखवायचं कुणाला नाही. त्यांच्या खिशात असू दे. तिकीट काढताना ज्येष्ठांना सवलत आहे का तेही बघा. नसली तरी त्यांना तिकिटाची रक्कम सांगू नका, नाही तर ते गेटवरूनच परत फिरतील.

– तुमची ताई